टेबलावरील लढाऊ विमान

१९८३ सालीं इंग्लंडमधील एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यांत संध्याकाळच्या वेळीं डोकावणाऱ्याला मोठें चमत्कारिक दृश्य दिसलें असतें. घरांतील दूरचित्रवाणीचा संच बातम्या सांगत नाहीं. त्याच्या पडद्याच्या कडा रंगीबेरंगी पट्ट्यांनीं थरथरत आहेत. शेजारच्या कॅसेट-यंत्रांतून करवतीनें पत्रा कापावा तसा कर्कश आवाज निघत आहे, आणि घरांतला पंधरा वर्षांचा मुलगा श्वास रोखून त्या यंत्राकडे पाहत बसला आहे. हा कर्कश आवाज म्हणजे एक लढाऊ विमान होय. चार-पांच मिनिटांत तें सबंध घरांत येईल. मध्यें कोणाचा पाय तारेला लागला, तर मात्र पुन्हां पहिल्यापासून.

ज्या संगणकांत तें येऊन उतरत असे, त्याचें नांव झेड्-एक्स् स्पेक्ट्रम. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें तो एप्रिल १९८२ मध्यें बाजारांत आणला. त्याच्या मोठ्या आवृत्तीची किंमत १७५ पौंड होती. अंगावर रबराच्या चाळीस कळा, आंत दर सेकंदाला ३५ लक्ष ठोके देणारी एक चिप, आणि ४८ किलोबाइट स्मृति. ४८ किलोबाइट म्हणजे सुमारें ४९ हजार इंग्रजी अक्षरांची जागा. मासिकाच्या वीस-पंचवीस पानांचा मजकूर तींत कसाबसा मावेल. त्यांतूनही ६,९१२ अक्षरांची जागा नुसत्या पडद्यावरील चित्राला द्यावी लागे. उरलेल्या जागेंत विमान, वारा, धांवपट्ट्या आणि शत्रु यांना दाटीवाटीनें राहावें लागे. फितीवरून ही सामग्री सेकंदाला साधारण दीड हजार बिटांच्या गतीनें आंत झिरपत असे, म्हणून तो इतका वेळ. महाराष्ट्राला हा संगणक अगदींच परका नाहीं. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्याचीच एक आवृत्ति परवान्यानें काढली होती, आणि इकडच्याही कांहीं घरांतून तो करवतीचा आवाज तेव्हां घुमला.

विमानाचा खेळ डिजिटल इंटिग्रेशन या इंग्रज कंपनीनें १९८३ मध्यें प्रसिद्ध केला. त्याचें नांव फायटर पायलट. त्यांतील विमान खरोखरीचें होतें: अमेरिकन वायुदलाचें एफ्-१५. २७ जुलै १९७२ रोजीं त्यानें पहिलें उड्डाण केलें. दोन एंजिनें, आणि उंचावरील विरळ हवेंत ध्वनीच्या अडीचपट वेग. असलें जनावर रबराच्या चाळीस कळांनीं हांकावयाचें, ही कल्पना प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटते. तथापि ज्यांनीं हा खेळ रचला त्यांनीं तिचा गंभीरपणें विचार केला होता, आणि म्हणूनच त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पहिली अडचण चित्राची. स्पेक्ट्रममधील चिपला बेरीज-वजाबाकी येत असे. गुणाकार व भागाकार यांच्या आज्ञाच तिला ठाऊक नव्हत्या. पाटीवर लहान मुलानें करावा तसा गुणाकार तिच्याकडून बेरजा करकरून घ्यावा लागे, आणि मोठ्या दोन संख्यांच्या एका गुणाकाराला जवळजवळ हजार ठोके खर्ची पडत. आतां विमानाच्या खिडकींतून दिसणारा जमिनीवरचा एक बिंदु पडद्यावर नेमका कोठें मांडावा, हें काढावयाचें असेल तर नाक किती वर-खालीं, पंख किती कललेले, तोंड कोणत्या दिशेस, या तिन्ही गोष्टी हिशेबांत घेऊन नऊ गुणाकार करावे लागतात, आणि दूरची वस्तु लहान दिसावी म्हणून वर दोन भागाकार. म्हणजे एका बिंदूला सुमारें अकरा हजार ठोके. सेकंदाला ३५ लक्ष ठोक्यांचा सगळा पैसा यांतच ओतला तरी तीनशेंच्या आंतबाहेर बिंदु पदरांत पडतील. सेकंदाला चार चित्रें काढावयाचीं म्हटलीं तर एका चित्राच्या वांट्यास पाऊणशें. शिवाय रेषा ओढणें, आकाश भरणें, कांटे हलविणें आणि विमानाची गति मोजणें हीं कामें उरलींच. कार्यक्रम लिहिणारे नाना युक्त्यांनीं यांत काटकसर करीत, तरी अशा संगणकावरच्या विमानाखालीं घरें, झाडें, नद्या यांची गर्दी कां नसे, तें या हिशेबावरून उमगेल. एक क्षितिजरेषा, खालीं सपाट रंगाची जमीन, आणि तींत धांवपट्टीची चौकट. गंमत अशी कीं उड्डाणाच्या शिक्षणाला नेमकें एवढेंच लागतें.

दुसरी अडचण हाताची. खऱ्या विमानांतील दांडा बोटभर ओढला तर नाक बोटभर उचलतें. रबराची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. तिला अर्धें दाबतां येत नाहीं. त्यामुळें मुलें हळूहळू एक रीत शिकलीं. कळ दाबून न धरतां तिच्यावर टिचकी मारावयाची, थांबावयाचें, क्षितिज किती सरकलें तें पाहावयाचें, आणि मग पुन्हां टिचकी. तबलजी चाटेवर बोट हलकें ठेवतो, तशी ती लय असे. ज्याला ती साधली नाहीं त्याचें विमान पहिल्याच मिनिटांत जमिनींत जाई. आणखी एक नवलाची गोष्ट नवशिक्यास गोंधळांत टाकी. वर जाण्यासाठीं दांडा मागें ओढावा लागतो, पुढें लोटला असतां विमान खालीं जातें. कळांची योजनाही त्याच न्यायानें केलेली असे.

उड्डाण करणें सोपें. एंजिनांची शक्ति पूर्ण वाढवावी, वेगमापकाचा कांटा पुरेसा चढला कीं नाक हलकें उचलावें, चाकें पोटांत घ्यावीं. खरी परीक्षा पहिल्या वळणाला होते. विमान मोटारीसारखें चाक फिरवून वळत नाहीं. तें एका कुशीवर कलतें. पंखांवर निर्माण होणारी जी उचल विमानाला वर धरून असते, तीच कलल्यामुळें थोडी आडवी होते आणि विमानास बाजूला ओढूं लागते. आडवी गेलेली उचल अर्थात् वरच्या आधारांतून कमी होते. म्हणून वळतांना नाक किंचित् वर ओढून ती तूट भरून काढावी लागते. सपाट उंचीवर ६० अंशांत कलून वळावयाचें झालें, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार तोलावा लागतो, आणि ज्या वेगाखालीं पंखांचा आधार सुटतो तो वेग सुमारें ४१ टक्क्यांनीं वाढतो. सरळ जातांना ११० नॉटवर सुरक्षित असणारें विमान अशा वळणांत १५० नॉटला देखील अकस्मात् कोसळूं शकतें. धांवपट्टी जवळ आली, आपण थोडे बाजूला आहोंत असें दिसलें, म्हणून घाईनें तीव्र वळण घेतलें आणि जमीन गांठली, ही चूक टेबलापुढच्या हजारों मुलांनीं केली असेल. खऱ्या आकाशांत ती अनेक अनुभवी वैमानिकांकडूनही झालेली आहे; फरक इतकाच कीं त्यांना कळ दाबून नवा डाव मांडतां आला नाहीं.

उतरणें हा या खेळाचा गाभा. रचणाऱ्यांनाही तें ठाऊक असावें, कारण यादींत उतरण्याचा सराव हा एक स्वतंत्र विभागच होता. त्यांत विमान प्रथमपासूनच धांवपट्टीच्या समोर हवेंत दिलेलें असे. विमानें सर्वसाधारणपणें ३ अंशांच्या उतारानें खालीं येतात, म्हणजे दर नाविक मैलास सुमारें ३२० फूट. पट्टी पांच मैलांवर असतांना उंची साधारण १,६०० फूट असली पाहिजे. वेग १५० नॉट धरला तर हें अंतर दोन मिनिटांत संपतें, आणि मिनिटाला ८०० फूट उंची सोडावी लागते. हे आंकडे पाठ असलेला मुलगा आणि नुसता डोळ्यांनीं अंदाज बांधणारा मुलगा यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडे.

नवशिक्याला येथें पटत नाहीं अशी एक गोष्ट आहे. विमान उतारावरून खालीं घसरूं लागलें कीं त्याचा हात नाक वर उचलण्याकडे धांवतो. नाक उचललें जातें खरें, पण वेग पडतो. वेग पडला कीं उचल कमी होते आणि विमान अधिकच बुडूं लागतें. म्हणून तो नाक आणखी उचलतो. या चक्राचा शेवट पट्टीच्या अलीकडे होतो. संथ गतीच्या उतरणीला उंची राखावयाची ती मुख्यत्वें एंजिनाच्या शक्तीनें, आणि वेग राखावयाचा तो नाकाच्या कोनानें. ही गोष्ट पुस्तकांत वाचून समजते; बोटांना मात्र ती पंधरा-वीस अपघातांनंतरच पटते. संगणकाचें खरें मोल येथें आहे. पंधरा-वीस अपघात त्याच्याखेरीज कोणालाच परवडत नाहींत.

त्यांत पडद्याच्या संथपणाची भर पडे. सेकंदाला चार चित्रें म्हटलीं तर १५० नॉटचें विमान एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ १९ मीटर पुढें गेलेलें असतें. दाबलेल्या कळेचा परिणाम दिसावयास पाव सेकंद जातो. तेवढ्यांत अधीर मुलगा कळ पुन्हां दाबतो, परिणाम दुप्पट होऊन पुढें येतो, मग तो उलट कळ दाबतो, आणि विमान झोपाळ्यासारखें वर-खालीं झोके घेऊं लागतें. हे झोके थांबविण्याचा उपाय खऱ्या विमानांतही हाच: हात थांबवावा आणि विमानाला स्वतः स्थिर होऊं द्यावें. एका कमकुवत चिपच्या दोषांतून मुलांना योगायोगानें मिळालेली ही विद्या आहे.

लढाईचा भाग त्या मानानें थोडक्यांत आटोपतो. एफ्-१५ च्या तोफेची गोळी नळींतून सेकंदाला सुमारें हजार मीटर वेगानें सुटते. शत्रूचें विमान ५०० मीटरांवर असेल आणि सेकंदाला २०० मीटर वेगानें आडवें जात असेल, तर गोळी तेथें पोचेपर्यंत तें १०० मीटर पुढें गेलेलें असतें. म्हणून नेम विमानावर न धरतां त्याच्यापुढील रिकाम्या आकाशावर धरावा लागतो. मुलांना हा भाग सर्वांत आवडे, आणि शिकण्यासारखें त्यांत सर्वांत कमी असे.

जमिनीवर बसून विमान शिकण्याची कल्पना मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा ऑर्गन वाद्यें बनविण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याची फी परवडेना, तेव्हां त्यानें १९२९ मध्यें कारखान्यांतलेच भाते घेऊन त्यांच्यावर एक ठेंगणें खोटें विमान बसविलें. दांडा हलविला कीं भात्यांत हवा भरून किंवा सुटून तें कलत असे. बाजाच्या पेटीच्या भात्यावर हात चालविलेल्या कोणाही माणसास ही युक्ति चटकन् समजेल. प्रथम हें यंत्र जत्रांतून करमणुकीसाठीं खपलें. पुढें १९३४ मध्यें अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचें काम पडलें, आणि ढगांत व अंधारांत केवळ कांटे पाहून उडण्याची संवय नसल्यामुळें थोड्याच आठवड्यांत त्यांतले अनेकजण प्राणांस मुकले. त्यानंतर लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं.

ते वैमानिक कां मेले, हा प्रश्न टेबलावरच्या विमानाला नीट जाऊन भिडतो. माणसाच्या कानाच्या आंत तोल सांभाळणारें एक इंद्रिय आहे. विमान अगदीं सावकाश एका कुशीवर कललें तर त्याला त्याचा पत्ता लागत नाहीं. आणि वैमानिकानें तें झटकन् सरळ केलें कीं तेंच इंद्रिय ओरडून सांगतें, विमान आतां दुसऱ्या बाजूस कललें. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे या साक्षीदारास खोटा पाडतात. ढगांत डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, समोर फक्त कांटे असतात, आणि सगळें शरीर कांट्यांच्या विरुद्ध शपथेवर साक्ष देत असतें. अशा वेळीं शरीराचें ऐकणारा वैमानिक आपण सरळ जात आहोंत अशा समजुतींतच चकरा घेत खालीं येतो.

फायटर पायलटमध्यें आंधळ्या उतरणीचा एक पर्याय होता. तो निवडला कीं खिडकी निरुपयोगी होई आणि उतार दाखविणाऱ्या खुणेवर व कांट्यांवरच विमान उतरवावें लागे. कितीएक मुलांना तो सराव झाल्यावर उघड्या हवेंतल्या उतरणीहून सोपाच वाटूं लागला, आणि त्याचें कारण सरळ आहे. खुर्ची हलत नाहीं. कान मुकाट्यानें बसलेला असतो, म्हणून कांट्यांवर विश्वास ठेवण्यास कांहीं किंमत द्यावी लागत नाहीं. खऱ्या आकाशांत जें सर्वांत अवघड, तें दिवाणखान्यांत सर्वांत सोपें होतें. उलट, स्वच्छ दिवसांत पट्टीवर चाकें टेकविण्याचा शेवटचा क्षण खरा वैमानिक डोळ्यांच्या कडांनीं आणि अंगाखालच्या आसनानें ओळखतो. मुलाजवळ त्याकरितां बोटभर रुंदीची चौकट आणि उंचीमापकाचा आंकडा याखेरीज कांहीं नसतें. हा खेळ खेळून मोठा झालेला मनुष्य पुढें खऱ्या विमानांत बसलाच, तर कांट्यांची भाषा त्याला येत असते. पोटांत उठणारा गोळा मात्र त्याला सर्वस्वी नवा असतो.

स्पेक्ट्रमचें उत्पादन १९९२ मध्यें थांबलें. आतां साध्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम मिळतात, आणि तें जुनें विमान फितीवांचून क्षणार्धांत पडद्यावर येतें. नवी चिप तेंच गणित हजारों पट लवकर करूं शकते. पण नक्कल करणाऱ्याला तिचा हात मुद्दाम धरून ठेवावा लागतो, आणि सेकंदाला ३५ लक्ष ठोक्यांपलीकडे जाऊं द्यावयाचें नसतें. तो बांध काढला तर दोन मिनिटांची उतरण डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपते, आणि पट्टी कोठें होती हेंही कळत नाहीं.