चित्तप्रसादांची कोरणी

मुंबईच्या उपनगरांत राहून गेलेल्या एखाद्या चित्रकारावर लेख द्यावा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा प्रथम आठवले ते चित्तप्रसादांचे नाव. 1915 साली बंगालमधील नैहाटी येथे जन्मलेला आणि 1946 पासून पुढची तीसेक वर्षे अंधेरीतील एका लहान खोलीत काढणारा हा चित्रकार मुंबईचा म्हणून ओळखला जात नाही, याची खंत मला फार दिवसांची आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येतो. शिक्षण चितगावला झाले. कलाशाळेची रीतसर दीक्षा लाभली नाही, म्हणून हात स्वतःच घडविला. जातीची खूण नको म्हणून भट्टाचार्य हे आडनाव टाकून दिले. आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यात पडून, ‘पीपल्स वॉर’ या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकासाठी, ज्याची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’ या नावाने प्रसिद्ध होत असे, चित्रे आणि वृत्तांत पाठवावयास आरंभ केला. 1943 साली मुंबईत स्थापन झालेल्या इप्टा या जननाट्य संघाचे बोधचिन्ह, तो नगारा वाजविणारा माणूस, त्यांच्याच हातचा.

त्यांची रेखाटने पाहिली की प्रथम दुष्काळ समोर येतो. 1942 च्या ऑक्टोबरात मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ कोसळले. तत्पूर्वीच, जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून, किनाऱ्याकडील मुलखातून नावा आणि तांदूळ सरकारी हुकमाने काढून नेले गेले होते. पुढे युद्धकालीन महागाईने धान्य गरिबांच्या आवाक्याबाहेर नेले. आणि 1943 च्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज केला जातो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद कुंचला, शाई आणि कागद घेऊन मेदिनीपुरात पायी हिंडले. बरगड्या, कोरडे स्तन, कुत्र्यांनी ओढलेली प्रेते, हे सारे त्या रेखाटनांत आहे. परंतु माझे मन खिळते ते चित्रांसोबतच्या अक्षरांवर. कोणाचे चित्र, गाव कोणते, पूर्वी हा काय करून पोट भरीत असे, अशी नोंद ते करीत जात. ज्या मृतांची सरकारी दप्तरात धड गणतीही झाली नाही, त्यांची नावनिशी एका चित्रकाराने लिहून ठेवावी, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही रेषेहून कमी मोलाची वाटत नाही.

मुंबईत स्थिरावल्यावर त्यांचा हात अधिकाधिक लिनोकटकडे वळला. ज्या पदार्थावर ही चित्रे कोरली जातात ते लिनोलियम मुळात घरातील जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1863 साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल हवेत आटवून घट्ट करावयाचे, त्यात बुचाचा आणि लाकडाचा भुसा कालवावयाचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापून दाबावयाचा, एवढीच त्याची कृती. जवस आणि ताग हे दोन्ही आपल्या शेतात पिकणारे जिन्नस आहेत, हे लक्षात आले म्हणजे या परदेशी पत्र्याविषयी उगीच आपलेपणा वाटू लागतो. लाकडाला असतात तसे रेशे त्याला नसल्यामुळे कोरणी हव्या त्या दिशेला फिरते, आणि म्हणूनच व्हिएन्नातील फ्रांझ चिझेक यांनी आपल्या वर्गातील लहान मुलांच्या हाती लिनोलियम दिले.

कोरण्याचे काम मात्र दिसते तितके सुलभ नव्हे. थंडीत लिनोलियम ताठ होते, तेव्हा ते उन्हात किंचित तापवून मऊ करावे लागते; चित्र आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते; आणि जे काळे राहावयाचे ते सोडून जे पांढरे दिसावयाचे तेवढेच काढून टाकावे लागते, म्हणजे कलावंताने रेषा काढण्याऐवजी रेषेभोवतालचा प्रदेश उकरावयाचा असतो. डाव्या हाताची बोटे कोरणीच्या वाटेत आली तर रक्त निघते, आणि एकदा उकरलेला भाग पुन्हा भरता येत नाही. मग काचेवर छपाईची शाई पसरून रूळ फिरवावयाचा, रूळ शाईने सारखा माखला की तो ठशावर चालवावयाचा, वर कागद ठेवावयाचा आणि, यंत्र नसेल तर, चमच्याच्या पाठीने तो कागद सर्व अंगांनी घोटावयाचा. लहान खोलीत राहणाऱ्या, पैसा नसलेल्या आणि एकाच चित्राच्या अनेक प्रती अनेकांच्या हाती जाव्यात अशी इच्छा बाळगणाऱ्या माणसाला याहून योग्य साधन कोणते मिळणार होते? 1931 च्या ऑगस्टमध्ये चिनी लेखक लु शुन यांनी शांघाय येथे एका जपानी शिक्षकाकडून तरुण चित्रकारांना काष्ठठसे कोरण्याचे सहा दिवसांचे शिक्षण देवविले, त्यामागेही हाच विचार होता.

या साधनाचे चित्तप्रसादांनी सर्वांत मोठे चीज केले ते 1950 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, श्रम करणाऱ्या मुलांवरील चित्रमालिकेत. ज्या वयात परीकथा ऐकावयाच्या त्या वयात ओझी वाहणारी ही मुले. त्यांच्या अंगाखांद्यावरचा काळा रंग दाट आणि जड आहे, आणि त्यातून कोरणीने काढलेले पांढरे डोळे पाहणाऱ्याला सोडीत नाहीत. युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने ही मालिका 1969 साली पुस्तकरूपाने काढली. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटासाठीही त्यांनी लिनोकट केले.

मुलांची चित्रे काढून त्यांचे समाधान झाले नाही. अंधेरीच्या झोपड्यांतील मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ नावाचे बाहुलीनाट्य उभे केले. फ्रांतिशेक सालाबा या चेक मित्राचे त्यात साहाय्य झाले. बाहुल्या घडविणे आणि नाटके रचणे ही कामे मात्र चित्तप्रसादांनी स्वतःकडे ठेवली. ठशाच्या प्रती दूर जातात, पण त्या पाहून कोण हसले, कोण घाबरले, हे कोरणाऱ्याला कधी कळत नाही. बाहुलीच्या खेळात ते तिथल्या तिथे कळते, आणि त्या एकट्या राहणाऱ्या माणसाला ही गरज किती तीव्र असेल, याची कल्पना करता येते.

परंतु प्रतींवर भरवसा ठेवणाऱ्या या कलेचे नशीब काय झाले, ते पाहिले म्हणजे मन उदास होते. मेदिनीपूरच्या वृत्तांताचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक 1943 साली छापले गेले आणि सरकारने जप्तीचे फर्मान काढून त्याच्या 5,000 प्रती नष्ट केल्या. कुटुंबीयांनी बँकेच्या तिजोरीत जपलेली एक प्रत वाचली, आणि तिच्यावरून 2011 साली पुस्तकाची प्रतिकृती निघाली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस कम्युनिस्ट पक्षाचे धोरण पालटले, तसे चित्तप्रसाद पक्षकार्यापासून दूर झाले. त्यानंतर पाठीशी संघटना नाही आणि चित्रबाजाराशी सख्य नाही, अशा अवस्थेत त्यांनी कोरणी चालू ठेवली. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह प्राग येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. पावेल होबल यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला तोही चेकोस्लोव्हाकियातून येऊन. 1978 साली कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.

आता त्यांचे लिनोकट श्रीमंतांच्या संग्रहांत मानाने लागतात, याचा आनंद मानावा की नाही, हे मला ठरविता येत नाही. चित्र जपले जाते, हे चांगलेच; पण चौकटीत बसलेला आणि मोजक्या प्रतींपैकी एक म्हणून विकला जाणारा ठसा झोपडीतल्या भिंतीवर कधी लागणार नाही, आणि तो तिथे लागावा यासाठीच हा माणूस चमच्याएवढ्या साधनावर भागविता येईल अशा कलेकडे वळला, अशी माझी समजूत आहे. शिवाय लिनोलियम जुने झाले की सुकते, कडक होते, त्याला तडे जातात. म्हणजे मूळ ठसेही निश्चिंतपणे ठेवण्याजोगे नसतात. खेलाघराची स्थिती तर याहून बिकट, कारण खेळाचा ठसा नसतो. त्या बाहुल्या पाहिलेली मुले आज सत्तरीच्या पुढे असतील. त्यांतील जी अंधेरीत किंवा आसपास असतील त्यांना शोधून, खेळ कुठे होई, पडदा कसला असे, कोणती नाटके लागत, याची जबानी कोणा कलासंस्थेने किंवा विद्यापीठाच्या विभागाने याच एक-दोन वर्षांत लिहून घ्यावयास हवी. त्यासाठी वही, पेन आणि उपनगरी गाडीचे तिकीट याहून अधिक खर्च नाही.