दीड महिना कमाई, साडेदहा महिने मुक्काम: अवजार घेण्याआधी जागेचा हिशेब करा



ट्रॅक्टर भाड्याने देण्याचा धंदा सुरू करायचाय, असं सांगणारे बरेच जण भेटतात. ट्रॅक्टर कोणता, रोटाव्हेटर किती फुटी, तासाचा दर काय, सगळं त्यांना पाठ असतं. मग मी विचारतो, "काम संपल्यावर रोटाव्हेटर ठेवणार कुठे? आणि हलवणार कोण?" इथे गाडी अडते.

आपला तळोजाच घ्या. पनवेल तालुक्यात मुख्य पीक भाताचं. जूनअखेर ते जुलै चिखलणीची धावपळ, मग कापणीनंतर वालासाठी शेत तयार करायचं थोडंफार काम. बाकीचे महिने अवजार नुसतं बसून. थंड देशांत ट्रॅक्टरला लावायचं बर्फ फेकणारं यंत्र उन्हाळ्यात रिकामं असतं, म्हणजे कोरड्या दिवसांत. आपला रोटाव्हेटर रिकामा होतो तो नेमका भर पावसात! अंगावर चिखल, हवेत दमटपणा. वर एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नवीन इमारती. 2023 च्या नोव्हेंबरपासून पेंधरपर्यंत मेट्रोही आली. मोकळी जागा आता फुकट मिळत नाही.

मी केलेली चूक

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक सहा फुटी रोटाव्हेटर होता. वजन चारशे किलोच्या पुढे. शेडच्या कोपऱ्यात सरकवायचा होता. ट्रॅक्टर आत वळेना. मग तिघांनी पहारी लावल्या. "थोडंच तर सरकवायचंय" म्हणत जोर केला, एक पहार निसटली आणि माझ्या मदतनीसाच्या पायाची दोन बोटं चिरडली. दवाखान्याचा खर्च मी केला, पण तो पोरगा त्या हंगामात पुन्हा कामावर आला नाही. काही हजारांची चाकं वाचवायला गेलो होतो मी. म्हणून आजचा विषय.

चाकं पाठ वाचवतात, भाडंही वाचवतात

ट्रॅक्टरने अवजार शेडमध्ये सोडायचं, तर अवजारापुढे ट्रॅक्टर उभा राहायला जागा लागते. ट्रॅक्टर साधारण 12 फूट लांब. म्हणजे एका अवजाराला 8 बाय 15, असे 120 चौरस फूट. तीन अवजारांना 360.

आता प्रत्येक अवजार चाकांच्या पाटावर ठेवा. ट्रॅक्टरने बाहेरच पाटावर उतरवायचं आणि ढकलत आत न्यायचं. जागा लागते 8 बाय 4. तिन्ही एकामागे एक लावली की 100 चौरस फुटांत काम झालं.

समजा, भाडं महिन्याला चौरस फुटाला 20 रुपये. वाचलेले 260 चौरस फूट म्हणजे 5,200 रुपये महिना. दहा महिन्यांचे 52,000. दर तुमच्या भागातला टाका, पद्धत हीच.

पाट कसा बनवायचा?

चॅनेल किंवा जाड अँगलची चौकट. माल कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळेल, वेल्डिंग कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. लक्ष इथे द्या:

1. वजनाला चाराने भागू नका, तिनाने भागा. जमीन थोडी जरी उंचसखल असली तरी एक चाक अधांतरी राहतं. अवजार आणि पाट मिळून 500 किलो असेल तर प्रत्येक चाक किमान 200 किलोचं घ्या.
2. दोन चाकं सरळ, दोन फिरती. फिरत्या चाकांना ब्रेक हवाच.
3. चाकं मोठी घ्या, सहा इंची. छोटं चाक खड्ड्यात अडतं आणि यंत्र कलंडतं.
4. हे सगळं कोब्यावरच चालतं. मातीवर चाकं रुततात.
5. उतार तपासा. वीस फुटांना एक फूट उतार असेल तर 500 किलोचं यंत्र 25 किलोच्या जोराने स्वतःच खाली ओढतं. चाकाला पाचर लावल्याशिवाय हात सोडू नका.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली हात-पाय घालायचा नाही. ट्रॅक्टर बंद असला तरी ते खाली येऊ शकतं.

ठेवण्याआधी

चिखल धुवा आणि पूर्ण वाळू द्या. गिअरबॉक्सचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तेल बदला, सील तपासा. पात्यांचे बोल्ट आवळा, झिजलेली पाती आत्ताच बदला, कारण जूनमध्ये सगळेच दुकानात धावतात. पात्यांना तेलाचा हात द्या, ग्रीस भरा. पीटीओ शाफ्ट काढून आत टांगा. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि झाकलेलं यंत्रच आधी गंजतं. खालून वारा खेळू द्या.

यातच धंदा आहे

तुमची अडचण तीच शेजारच्या दहा ट्रॅक्टरवाल्यांची. काम संपलं की अवजार आणायचं, धुऊन, सर्व्हिसिंग करून कोरड्या शेडमध्ये ठेवायचं, हंगामाआधी तयार करून परत द्यायचं. पैसे तीन गोष्टींचे: जागा, सर्व्हिसिंग, वाहतूक. तिन्ही बिलावर वेगळे दाखवा.

पण अवजार ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, आधीची मोडतोड चिठ्ठीवर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. तोंडी व्यवहारात चहा गोड लागतो, भांडण नंतर होतं. आग-चोरीचा विमा आणि गाळ्याच्या करारात साठवणुकीची परवानगी, या दोन गोष्टी पहिलं अवजार आणण्याआधी.

आजचा गृहपाठ

दसऱ्याला आपण अवजारांना हळद-कुंकू वाहतो. यंदा पूजेआधी मेजपट्टी घ्या. तुमचं अवजार, त्याचं वजन, शेडचा दरवाजा, जमिनीचा उतार, सगळं वहीत मांडा. नवीन अवजार घेणार असाल तर कोटेशनच्या खाली एक ओळ वाढवा: "मुक्कामाचा खर्च". ती ओळ भरूनही नफा उरत असेल, तर बिनधास्त घ्या. नसेल उरत, तर एक हंगाम भाड्याचं अवजार वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर, पायात बूट घालूनच शेडमध्ये जा!