रेषेला रेषेच्याच मापाने मोजा

जुने कृष्णधवल कार्टूनपट आज यूट्यूबवर सहज सापडतात आणि त्यांच्यावरचा शेरा बहुधा ठरलेला असतो: त्या काळाच्या मानाने बरे आहेत. या शेऱ्यामागे एक निकष दडलेला आहे. डिस्नेचा १९३७चा रंगीत, पूर्ण लांबीचा ‘स्नो व्हाइट’ हे मुक्कामाचे ठिकाण धरायचे आणि त्याआधीचे सगळे त्या वाटेवरची धडपड म्हणून तपासायचे. रंग नाही, पार्श्वभूमी तुटपुंजी, हातपाय रबरी नळ्यांसारखे, कथा नावापुरती, असे म्हणत एकेक गुण कापायचे. मला हा निकषच चुकीचा वाटतो. कॅमेऱ्यासमोर जे कधी घडूच शकत नाही ते रेषेने किती बेधडक घडवले, यावर या चित्रांचे मोल ठरायला हवे.

फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ साली केलेली ‘फँटास्मागोरी’ घ्या. दोन मिनिटांच्या आतबाहेरची फिल्म, सुमारे सातशे चित्रे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेने काढलेली चित्रे पडद्यावर उलटी, म्हणजे काळ्यावर पांढरी उमटतात, त्यामुळे फळ्यावर खडू फिरल्याचा भास होतो. बाटलीचे फूल होते, फुलाचा हत्ती होतो आणि या बदलाचे कोणी कारण देत नाही. इथे पार्श्वभूमी असती तर तिने प्रत्येक बदलाला अडवले असते. अकरा वर्षांनी आलेल्या फेलिक्स मांजराच्या बाबतीत तर काळा रंग हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ऑटो मेसमरने त्याला भरीव काळा ठेवला, कारण त्यात बारीक रेषांचे काम वाचते आणि भरीव आकार पडद्यावर जास्त ठसठशीत हलतो. मग त्या काळ्या ठिपक्याची शेपटी सुटून कधी काठी होई, कधी डोक्यावरचे प्रश्नचिन्ह हातात घेऊन तो त्याचे हत्यार करी. चिन्ह आणि वस्तू यांतला फरक पुसणारी ही करामत जिवंत नटाला जमणारी नव्हती.

यावर जाणकार विन्झर मॅकेची ‘गर्टी’ पुढे करतील. १९१४ची ही डायनासोर श्वास घेते, पाय उचलताना तिचे अंग एका बाजूला झुकते, दटावल्यावर ती रडते. म्हणजे तिचे मोठेपण जिवंतपणाच्या नकलेतच आहे ना? आक्षेप वजनदार आहे. पण मॅकेने हे वजन कशासाठी कमावले ते पाहावे. तीच गर्टी पुढे अख्खे तळे पिऊन टाकते. रंगमंचावरच्या खेळाच्या शेवटी मॅके पडद्याआड जाई आणि चित्रातला मॅके तिच्यावर स्वार होऊन निघून जाई. आधी तिच्या देहावर विश्वास बसला म्हणूनच अशक्य गोष्ट पटते. आणि नीट पाहिले तर मागचे खडकही थरथरताना दिसतात. पात्र पारदर्शक सेलवर काढून मागचा देखावा तोच ठेवण्याचे तंत्र अजून रुळले नव्हते, म्हणून जॉन फिट्झसिमन्स नावाचा मदतनीस प्रत्येक कागदावर तोच देखावा पुन्हा गिरवत होता. त्या थरथरीला दोष म्हणणे मला जमत नाही. हजारो वेळा फिरलेला हात तिथे दिसतो.

ध्वनी आल्यावर हीच वृत्ती कानापर्यंत पोचली. नोव्हेंबर १९२८च्या ‘स्टीमबोट विली’ला पहिला बोलका कार्टूनपट म्हणणे चूक आहे, फ्लायशर बंधूंनी ते त्याआधीच करून पाहिले होते. विलीचे वैशिष्ट्य असे की बकरी संगीताची पाने खाते आणि तिची शेपटी फिरवली की तीच गाणे वाजवू लागते. फ्लायशरांच्याच १९३३च्या बेटी बूपच्या ‘स्नो व्हाइट’मध्ये तर कॅब कॅलोवे या गायकाची खरी पावले रोटोस्कोपने, म्हणजे चित्रफितीवरून एकेक चौकट गिरवून, टिपून कोको विदूषकाच्या भुताला दिली आहेत. चाल तंतोतंत माणसाची आणि चालता चालता त्या भुताची दारूची बाटली होते.

सगळेच असे नव्हते, हेही खरे. दर आठवड्याला थिएटरला माल पुरवायचा म्हणून चालण्याची तीच चित्रे पुन्हा पुन्हा फिरवलेली, निव्वळ कंटाळवाणी चित्रे ढिगाने आहेत. त्याहून गंभीर म्हणजे कृष्णवर्णीयांची विटंबना. तोंडाला काळे फासून केल्या जाणाऱ्या अमेरिकी तमाशांतले जाडे ओठ आणि लाचार हावभाव बॉस्कोसारख्या पात्रांत उतरले. काळाच्या नावाखाली त्यावर पांघरूण घालू नये. त्या काळीही अपमान हा अपमानच होता. आणि इथे कलेचेही अपयश आहे: जी रेषा बाटलीचा हत्ती करू शकते, ती माणसासमोर आली की तयार साच्यात जाऊन बसते.

पारख करायची तर प्रतही अस्सल हवी. पुढे टीव्हीसाठी अनेक कृष्णधवल चित्रे गिरवून रंगवली गेली, त्यात मधली चित्रे गळली आणि हालचाल अडखळू लागली. रंगाची खरी कसोटी पाहायची असेल तर बॉब क्लॅम्पेटचा १९३८चा ‘पोर्की इन वॅकीलँड’ आणि १९४९मध्ये त्याचीच केलेली रंगीत आवृत्ती ‘डो फॉर द डो-डो’ लागोपाठ पाहाव्यात. डोडो पक्षी पेन्सिल काढून हवेत दार रेखाटतो आणि ते उघडण्याऐवजी पडद्यासारखे खालून उचलून पसार होतो. रंगीत प्रतीत मागचा नटवलेला देखावा नजर ओढून घेतो. मूळ प्रतीत ते दार आणि सारा मुलूख एकाच काळ्या-पांढऱ्या ऐवजाचे असतात, त्यामुळे दार उचलले गेले की त्यासोबत जमीनही उचलली जाईल असे वाटते.