स्वमग्न मुलांची मोजणी आणि त्यांचीं घरें

अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें एका आंकड्यावरून वाद माजला आहे. तेथील सरकारी आरोग्यखातें निवडक ठिकाणच्या आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करितें. २००० सालीं दर १५० मुलांत एक मूल स्वमग्न आढळलें. २०२२ सालच्या पाहणींत हेंच प्रमाण ३१ मुलांत एक असें निघालें. २०२५ सालीं खुद्द तेथील आरोग्यमंत्र्यांनींच यास साथ म्हटलें. असे आंकडे वाचून आमच्याकडील आईबापांचेंही काळीज चरकतें. म्हणून त्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे.

'ऑटिझम' या शब्दाच्या मुळाशीं 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द त्यासच अनुसरतो. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ही अवस्था वैद्यकास स्वतंत्रपणें परिचित झाली. हांक मारिली असतां मूल वळून पाहत नाहीं, ऐकलेलेंच वाक्य पुनःपुन्हा उच्चारितें, नित्यक्रमांत यत्किंचित् बदल झाला कीं व्याकुळ होतें. ही साथ नव्हे. येथें मेंदूची घडणच निराळी असते.

मग संख्या कां वाढली? मुख्यतः व्याख्या रुंदावली आणि पारख वाढली म्हणून. पूर्वीं ज्यांस मतिमंद किंवा विक्षिप्त म्हणून सोडून देत, त्यांची आतां तपासणी होते. २०२२ च्याच पाहणींत टेक्सासमधील लारेडो येथें १०३ मुलांत एक, तर कॅलिफोर्नियांतील ठिकाणीं १९ मुलांत एक असें प्रमाण आलें. एकाच देशांतलें हें पांचपट अंतर मुलांपेक्षां तपासणीच्या सोयींविषयींच अधिक सांगतें. वाढीचा कांहीं अंश खराही असूं शकेल. आईबापांचें वाढतें वय हें त्याचें एक कारण मानितात.

परंतु मनुष्यास कारणापेक्षां अपराधी शोधण्याची घाई फार. १९९८ सालीं बारा मुलांवरून लिहिलेल्या एका इंग्रजी निबंधानें गोवराच्या लसीवर संशय घेतला. २०१० सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला, आणि २०१९ सालीं डेन्मार्कमध्यें साडेसहा लक्षांहून अधिक मुलें पाहूनही तसा संबंध आढळला नाहीं. लस टोंचण्याचें वय आणि लक्षणें दिसूं लागण्याचें वय एकच. हा निव्वळ काकतालीय न्याय होय. त्याहीपूर्वीं अमेरिकेंत आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, असें पंडित म्हणत. तें मत केव्हांच खोटें ठरलें. आमच्या घरांत मात्र 'गरोदरपणीं ग्रहण पाळलें नसेल' या रूपानें तें अद्याप नांदत आहे. रात्रंदिवस खपणाऱ्या सुनेस असा बोल लावणें यासारखा अन्याय नाहीं.

या आईबापांस खरी चिंता एकच: आमच्यामागें याचें कोण? आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अठरा वर्षांपुढील अशा मुलासाठीं जिल्ह्याच्या समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली आहे; 'निरामय' योजनेंत वर्षास एक लक्ष रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाचा विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतही स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. परंतु भावंडांचीं लग्नें अडतील या भीतीनें प्रमाणपत्रच काढीत नाहींत, आणि हक्काची मदत दारावरून परत जाते.

एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात, तसे झांकणारे पडदेही पुष्कळ असतात. काकांनीं रोज तासभर मुलास सांभाळावें, आत्यानें त्यास मुंजीच्या पंक्तींत आपल्याजवळ बसवावें, आजोबांनीं वांटणीपत्रांत त्याची तजवीज लिहून ठेवावी. वाद परदेशांतले पंडित चालवोत. पालक कोण व्हावयाचा, हें मात्र घरांतल्या वडील मंडळींनीं आपल्या हयातींतच बसून ठरवावें, एवढीच आमची विनंती आहे.