दुहेरी दुखणं (लेखांक ६) : बाळंतिणीचा खोकला

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे टीबी झालाच असं नसतं, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडं करतात आणि दहांतल्या नऊ जणांमध्ये ते जंतू जन्मभर तिथेच अडकून राहतात. एचआयव्ही या कड्याच्या राखणदारांनाच मारतो. म्हणून उपचार नसतील तर इतरांना आयुष्यभरात मिळून जेवढा धोका असतो, जवळपास तेवढा एचआयव्ही असलेल्या माणसाला एकाच वर्षात असतो. आज या दुहेरी दुखण्यात सापडणाऱ्या बाळंतिणीबद्दल लिहायचं आहे.

आपल्या देऊळगाव राजात बाई गरोदरपणाची नोंद करायला गेली की रक्ताच्या तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्या सुरू होतात. मग पुढचा प्रश्न येतो. टीबी होऊ नये म्हणून दिली जाणारी आयसोनियाझिडची गोळी तिला आताच द्यायची की बाळंतपणानंतर? या प्रश्नाचा शोध पुण्याच्या ससून रुग्णालयातून सुरू झाला, आणि तोही अवचित.

२००२ साली ससूनला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ मिळून एक अभ्यास करत होते. असेच अभ्यास इथिओपिया आणि युगांडातही चालू होते. आईच्या दुधातून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून नेव्हिरापिन हे औषध एकदाच देण्याऐवजी सहा आठवडे दिलं तर फायदा होतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. टीबी हा त्यांचा विषयच नव्हता. पण बाया बाळाला घेऊन ठरल्या दिवशी येत, डॉक्टर त्यांना तपासत, आणि बाळंतपणानंतर एकेकीला टीबी निघू लागला.

या नोंदी एकत्र करून डॉ. अमिता गुप्ता आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. एचआयव्ही असलेल्या ७१५ बायांपैकी २४ जणींना बाळंतपणानंतर टीबी झाला होता. शंभर बायांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर पाच जणींना टीबी होईल, असा हा वेग. त्या २४ पैकी तीन दगावल्या. उरलेल्या ६९१ जणींपैकी सात. आईला टीबी झाला की बाळ दगावण्याची शक्यता तिपटीहून जास्त होत होती. मला या साऱ्यात सर्वांत जास्त बोचतो तो बाळांचा आकडा.

बाळंतपणानंतरच का? गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, कारण पोटातला जीव परका मानून त्याच्यावर हल्ला होता कामा नये. बाळंतपणानंतर ती पुन्हा उसळते आणि तोवर मुकाट वाढलेला क्षय लक्षणं दाखवू लागतो. पण थकवा, बारीक ताप, उतरलेलं वजन हे सगळं बाळंतिणीच्या अशक्तपणाच्या खाती जमा होतं. आपल्याकडे जुन्या बायका 'बाळंतरोग' म्हणत. बाळंत झाली आणि झिजत गेली, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या कितीजणी टीबीने गेल्या असतील, हे आता कोण सांगणार?

दुखणं कळलं, तरी औषधाचा पेच सुटला नव्हता. आयसोनियाझिडमुळे काहींच्या यकृताला त्रास होतो. गरोदर बाईला ते कितपत मानवतं याची भक्कम माहिती नव्हती, कारण औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायांना बहुतेक वेळा वगळलं जातं. हे तिच्या काळजीपोटी होतं, असं सांगतात. मला हे पटत नाही. चाचणीतून वगळलं म्हणून तिचा आजार थांबत नाही. मग डॉक्टरला अंदाजाने गोळी द्यावी लागते.

एका रुग्णालयात याचा निकाल लागणं अशक्य होतं. आश्विनात आपल्या बालाजीच्या मंडपाच्या सागवानी लाटा उभ्या करायला गावभरचे हात लागतात, तसंच हे काम. भारत, दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वे, टांझानिया, बोट्सवाना, थायलंड आणि हैती अशा आठ देशांतल्या ९५६ गरोदर बाया चाचणीत सहभागी झाल्या. भारतातलं केंद्र पुण्याचं. निम्म्या जणींना २८ आठवड्यांचं औषध गरोदरपणातच सुरू झालं, बाकीच्यांना बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी. औषध नसेल त्या काळात दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळे, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे बाईलाही कळू नये आणि डॉक्टरलाही.

२०१९ मध्ये निकाल आला. बायांना होणारे गंभीर त्रास दोन्ही गटांत सारखेच, साधारण १५ टक्के. टीबी दोन्हीकडे तीन-तीन जणींना. पण गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन किंवा जन्मजात व्यंग यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण गरोदरपणीच औषध घेणाऱ्यांत २३.६ टक्के होतं, नंतर घेणाऱ्यांत १७. हे अनेकांना अनपेक्षित होतं. पुढे इतर अभ्यासांशी ताडून पाहून जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणामुळे हे औषध नाकारू नये अशीच भूमिका ठेवली. त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. घरात टीबीचा रुग्ण आहे का, यकृत कसं आहे, हे पाहून डॉक्टरने ठरवायचं.

मला त्यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो. या चाचणीत टीबीचा वेग वर्षाला शंभरात एकाहूनही कमी होता. जवळजवळ सगळ्या बाया एआरटी घेत होत्या. २००२ मध्ये आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी नव्हती. ती सुरू झाली २००४ च्या एप्रिलमध्ये. दोन अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही, पण नियमित एआरटी हीच क्षयाविरुद्धची पहिली भिंत आहे, हे त्यातून दिसतंच.

ही भिंत आपल्याकडे खचते ती माहेरपणात. लेक पुण्याला किंवा जालन्याला दिलेली असते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, आणि तिचं कार्ड आणि गोळ्यांचं केंद्र तिकडेच राहतं. निघण्याआधी तिकडच्या केंद्रात सांगितलं तर इथल्या जवळच्या केंद्रातून गोळ्यांची सोय होऊ शकते. त्यातच सव्वा महिना ती घराबाहेर पडत नाही, आणि पुण्याच्या नोंदींनी ज्या दिवसांकडे बोट दाखवलं त्यांतलेच हे दिवस. या काळात घरात येते ती आशाताई. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती बाळाला बघायला येते. बाळाचं वजन घेता घेता आईला चार गोष्टी विचारता येतात : खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम फुटतो का. हे कोणत्याही बाळंतिणीला विचारता येतं, त्यामुळे कुणाला एचआयव्ही आहे आणि कुणाला नाही, हे शेजारीपाजारी कळण्याचं कारण उरत नाही.