कान्हेरीच्या पोढ्या

दिवाळी अंकासाठी एखाद्या जुन्या मठवस्तीवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि मी कान्हेरीची बौद्ध लेणी निवडली. मी पनवेलचा. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, इस्रायल अशी तळी भर गावात असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे डोंगरावरच्या लेण्यांत भिक्षूंची शेकडो वर्षांची वस्ती होती, असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, ते पाणी कुठलं पीत होते?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या एका डोंगरात शंभरहून अधिक लेणी आहेत. सुरुवात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती टिकली. तिसऱ्या लेण्यातला भव्य चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राजवटीत, त्याच्या शिलाहार मांडलिकांच्या काळचे दानलेख इथे कोरले गेले. नव्वदाव्या लेण्यात तर पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत. त्यांतले लेख १००९ आणि १०२१ सालचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चैत्याचं चर्च केलं.

हे सगळं माहितीफलकावर वाचता येतं. मी अडकलो तो पोढ्यांपाशी, म्हणजे खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी.

बहुतेक लेण्यांच्या ओसरीशेजारी जमिनीलगत चौकोनी तोंड दिसतं. वाकून पाहिलं की आत अंधारात पाणी. तोंड बेताचं, पोट मात्र खडकात आतपर्यंत पसरलेलं. ऊन आत पोचत नाही, म्हणून पाणी आटत नाही आणि गार राहतं. पण खरी करामत वर आहे. पायऱ्या चढून माथ्याकडे जाताना पायाखालचा खडक नीट बघा. बोट-दोन बोट खोल पन्हळी कोरल्या आहेत. उतार ओळखून त्या पाणी गोळा करतात, वळवतात आणि खालच्या पोढीत नेऊन सोडतात. ओसरीत पावसाचं पाणी शिरू नये याचीही काळजी त्यातच घेतलेली. दोन डोंगरांमधल्या ओढ्यावर बंधारा होता, त्याचे अवशेष सापडले आहेत. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, या हिशोबावर इथलं सगळं बेतलेलं आहे.

आणि यातलं बरंचसं राजाच्या खजिन्यातून आलेलं नाही. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. कल्याण, सोपारा, चेऊल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी पाण्यासाठी पैसा खर्च केला. मला हे चैत्यातल्या प्रचंड बुद्धमूर्तींइतकंच थोर वाटतं.

आता काळजीचं बोलतो. कान्हेरीचा खडक वेरूळसारखा सलग घट्ट बेसाल्ट नाही. ज्वालामुखीच्या तुकड्यांचा, राखेचा बनलेला आहे. तो झिजतो. चैत्याच्या दर्शनी भागावरची झीज कुणालाही दिसेल. पन्हळी तर मुळातच उथळ. त्यांवरून हजारो बुटांची ये-जा होते, त्यांत पाला आणि माती साचते. एका जागी पन्हळ बुजली की पाणी वाट बदलतं, आणि मग ते थेट भिंतीत मुरतं; म्हणजे तहान भागवण्यासाठी वळवलेलं पाणीच लेणं पोखरू लागतं. मूर्तीला कठडा लावता येतो, पण डोंगरभर पसरलेल्या पन्हळींना लावणार कसा? मी गेलो तेव्हा एका पोढीत वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. प्यायच्या पाण्यात टाकलेल्या बाटल्या! महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते, पावसाळ्यातल्या सुट्ट्यांनाही होते. त्या गर्दीला कुणी खाली बघायला सांगत नाही. मूर्तींचे फोटो निघतात आणि पन्हळी तुडवल्या जातात.

लेण्यांचं जतन म्हणजे शिल्पांचं जतन, ही समजूत सोडायला हवी. प्रत्येक पन्हळीचा नकाशा हवा आणि दर वर्षी मृगाआधी त्या हाताने साफ व्हायला हव्यात. आपल्या गावातल्या गटारांसाठी आपण एवढा आग्रह धरतोच की.

पनवेलहून गोरेगाव लोकल मिळते, पुढे बोरिवली. सोमवारी उद्यान बंद असतं. श्रावणात जा, पाऊस सुरू असताना माथ्यावर उभं राहून पाणी कुठून कुठे जातं ते बघा, आणि बाटली परत घरी आणा.