उन्हाने न रापणारी जागा

ऑक्टोबरात मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की मजुरांचे चेहरे, माना, मनगटे काळवंडून जातात. तळहात मात्र उजळच राहतो. यामागचे कारण 2004 मध्ये युजी यामागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. तळहात-तळपायांच्या त्वचेतील पेशी डीकेके-1 नावाचे प्रथिन भरपूर सोडतात आणि ते रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींना आवरून धरते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांसाठी ही मोठीच सोय आहे. गोऱ्या कातडीवर रक्ताची लाली गालावर, छातीवर कुठेही दिसते. आपल्याकडे ती पाहायला तळहात, डोळ्याची खालची पापणी, जीभ, नखे एवढ्याच जागा उरतात.

गावोगावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ही जागा पाहायला शिकवलेली असते. लहान मुलांच्या आजारांसाठीच्या ‘आयएमएनसीआय’ पद्धतीत तळहाताचा फिकेपणा ही रक्तक्षयाची खूण मानली जाते. मुलाचा हात बाजूने हलकेच धरून उघडायचा, बोटे मागे ताणायची नाहीत. ताणली की रक्त अडते आणि चांगल्या मुलाचाही हात पांढरा दिसतो. मग तो आपल्या आणि इतर मुलांच्या तळहाताशी ताडून पाहायचा. वीज नको, सुई नको, अशी ही तपासणी मला फार मोलाची वाटते. पण त्याच हातावरची उलटी खूण, म्हणजे लाली, तेवढ्या आस्थेने कोणी पाहत नाही. ‘हात लाल होऊन राह्यले’ असे कोणी म्हटले, तर कामाचे हात आहेत, असे म्हणून घरचे सोडून देतात.

कामाने हात लाल होतात हे खरेच. विळा, फवारणीचे औषध, मिरची, कपड्यांचा सोडा यांनी कातडी चिडते. पण ती खाजते, जळते, सोलते, तिला भेगा पडतात. वैद्यकात ज्याला ‘पामर एरिथेमा’ म्हणतात ती लाली वेगळी असते. ती दोन्ही हातांवर सारखी येते, अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या मांसल उंचवट्यांवर जास्त, तळव्याच्या मधोमध कमी. दुखत नाही, खाजत नाही. बोटाने दाबले की पांढरी पडते, सोडले की पुन्हा भरते. म्हणजे रक्त वाहिन्यांच्या आतच आहे, फक्त त्या वाहिन्या रुंदावल्या आहेत.

हे तळहातावरच ठळक का व्हावे? शरीरात बहुतेक ठिकाणी रक्त धमनीतून केशवाहिन्यांत आणि तिथून शिरेत जाते. तळहात, तळपाय, बोटांची टोके, नाक, कान इथे मात्र धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे आडमार्गही असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायची असली की ते उघडतात. रक्तवाहिन्या सैल करणारे रसायन रक्तात वाढले, तर त्याचा परिणाम इथे लवकर दिसतो.

असे एक रसायन म्हणजे इस्ट्रोजेन. ते पुरुषांच्या शरीरातही थोडे असते आणि यकृत त्याचा निचरा करत असते. यकृत घट्ट, गाठाळ झाले, म्हणजे सिऱ्होसिस झाला, की हा निचरा मंदावतो. तळहात लाल होण्यात या इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असावा, असे मानले जाते. अशा पुरुषांत छातीवर कोळ्यासारख्या पाय फुटलेल्या बारीक शिरा दिसणे, स्तन वाढणे हेही त्याच बिघाडातले. सिऱ्होसिसच्या सुमारे 23 टक्के रुग्णांत तळहात लाल आढळतात, असा 2007 च्या एका आढाव्यातला आकडा आहे. याचा अर्थ नीट घ्यायला हवा: उरलेल्यांचे यकृत तितकेच खराब असूनही हात काहीच सांगत नाहीत. म्हणून रोज दारू घेणाऱ्याने, पोटाचा घेर आणि साखर वाढलेल्याने, घरात कुणाला कावीळ ब असलेल्याने हाताच्या रंगाची वाट न पाहता यकृताची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. यकृत दुखून सांगत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट गोष्ट.

लालीचे कारण दर वेळी यकृतच असते असेही नाही. त्याच आढाव्यात संधिवाताच्या, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या, 60 टक्क्यांहून जास्त रुग्णांत ती नोंदलेली आहे. सकाळी बोटे आखडत असतील तर हा धागा धरावा. थायरॉइड वाढलेल्याचे हात लाल, गरम, ओलसर असतात आणि थरथरतात. काही घराण्यांत ती जन्मापासूनच असते आणि तिचा काही त्रास नसतो; जॉन लेन यांनी 1929 मध्ये तिचे वर्णन केले. लहान मुलाला पाच दिवस ताप, डोळे-ओठ लाल आणि सोबत लाल तळहात असतील, तर मात्र कावासाकी आजाराची शंका घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा, कारण तो हृदयाच्या धमन्या बिघडवतो. मलम लावून यातले काहीच बरे होत नाही.

गर्भारपणात इस्ट्रोजेन वाढल्याने अनेक बायकांचे तळहात लाल होतात आणि ते स्वाभाविक आहे. सासू-आई कौतुकाने ‘पोरीच्या अंगात रक्त भरलं’ म्हणतात, आणि इथेच घात होऊ शकतो. लाली म्हणजे रुंदावलेल्या वाहिन्या, हिमोग्लोबिन नव्हे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय, मग हात कसेही दिसोत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे हिमोग्लोबिनसोबत कावीळ बचीही चाचणी मागून घ्यावी. आईला ती असेल तर बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस मिळायलाच हवी. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ही लाली उतरते. उतरली नाही, तर यकृत आणि थायरॉइड तपासायचे.